बॉनेटवाली बाई

आमच्या आजीच्या टेबलक्लॉथवर एक बाई होती. घंटेसारखा फुगलेला पायघोळ झगा, हातात झारी, डोक्याला भलंमोठं बॉनेट आणि मागे तिच्या खांद्यापर्यंत वाढलेला गुलखैरा. बाईला चेहरा नव्हता. बॉनेटची कड पुढे आलेली आणि तिच्या आत नुसतं कापड. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, हिला तोंड का नाही गं? आजी म्हणाली, "तोंड भरायला महाकठीण. डोळ्याचा एक टाका इकडचा तिकडे झाला की बाई चकणी होते. म्हणून त्यांनी झाकूनच टाकलंय."

'त्यांनी' म्हणजे नक्षीचे कागद काढणाऱ्यांनी. इस्त्री फिरवली की कापडावर नक्षी उमटते असे कागद इंग्लंडमध्ये निघायचे, आणि १९२०-३०च्या सुमाराला ही बॉनेटवाली तिथल्या घराघरांतल्या उशांवर, चहादाणी झाकायच्या टीकोझींवर जाऊन बसली होती. आजीकडे काही तो कागद नव्हता. तिनं शेजारणीच्या उशीच्या अभ्र्यावरून कार्बननं छापून घेतली. मग ॲंकरच्या लडीचे सहा पदर सोडवून त्यातले दोन सुईत ओवायचे. झग्याची कड दांडी टाक्यानं, पानं लेझीडेझीनं. गुलखैऱ्याचं फूल म्हणजे काजाच्या टाक्याचं एक वर्तुळ आणि मधोमध पिवळी फ्रेंच नॉट. आजीनं इंग्लंडच काय, मुंबईच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं. पण झग्याचा घेर किती, झारीची नळी कुठल्या बाजूला, हे तिला पाठ होतं.

झग्याचा तो घेर १८६० च्या आसपासच्या फॅशनचा आहे हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे ही बाई माझ्या आजीच्याही आजीच्या वेळची.

मध्यंतरी भावाकडे लंडनला गेले होते. तो कामावर गेला की मी मोकळी. पिम्लिकोला उतरून टेट ब्रिटन या चित्रसंग्रहालयात जायचं, दुपारचा डबा बाहेर नदीकाठी बसून खायचा आणि परत आत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या रोजच्या जगण्याची, घरातली, बागेतली चित्रं तिथे आहेत. तिथे मला आमच्या टेबलक्लॉथवरच्या बाईच्या बहिणी भेटल्या. त्यांना तोंडं होती.

पहिल्यांदा थबकले ती मिले या चित्रकाराच्या 'मारियाना'पुढे. १८५१ सालचं चित्र. जाणकार त्याला घरगुती चित्रांत धरणार नाहीत, कारण त्याला शेक्सपिअरच्या नाटकाचा आणि त्यावरून केलेल्या टेनिसनच्या कवितेचा आधार आहे. पण मला आधी दिसली ती भरतकाम करून पाठ धरलेली बाई. खिडकीशी टेबल, टेबलावर लांबलचक भरतकाम, आणि ती गडद निळ्या मखमली झग्यात उभी राहून, दोन्ही हात कमरेमागे दाबून पाठ ताणते आहे. खिडकीबाहेर बाग आहे, पण बागेतून आत आलीत ती वाळकी पानं, थेट भरतकामावर येऊन पडलेली. नाटकात हिचं लग्न ठरलेलं असतं. हुंडा घेऊन येणारं जहाज बुडतं आणि नवरा मुलगा फिरतो. चित्राखालच्या पाटीवर हे वाचलं तेव्हा मी शेजारी कुणी आहे का म्हणून पाहिलं. हे आमच्याकडचं आहे हो, असं कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. तिची ती कमरेमागची बोटं मात्र नाटकातली नाहीत. तासन्‌तास रिंग धरून बसलेल्या बाईला जवळून पाहिल्याशिवाय तसं काढता येत नाही. आजी दुपारी चारला चहाचं आधण ठेवायला उठायची तेव्हा अशीच उभी राहायची.

विल्यम होल्मन हंटच्या चित्रात लोकरीचा गुंता आहे. १८५३ चं 'द अवेकनिंग कॉन्शन्स', म्हणजे जाग आलेलं मन. एक सुखवस्तू तरुण पियानोशी बसलाय, त्याच्या मांडीवरून एक तरुणी अर्धवट उठली आहे आणि समोर कुठेतरी बघते आहे. तिच्या सगळ्या बोटांत अंगठ्या आहेत, फक्त लग्नाच्या बोटात नाही. टेबलाखाली मांजरानं पक्षी धरलाय. जमिनीवर एक हातमोजा टाकून दिलेला. आणि उजव्या कोपऱ्यात तिच्या अर्ध्या राहिलेल्या भरतकामाची लोकर सुटून गालिच्यावर पसरली आहे. ही ठेवलेली बाई आहे हे सांगायला हंटनं जागोजागी अशा खुणा पेरल्यात. इतक्या, की जरा कमी असत्या तर बरं झालं असतं. पुन्हा सामान सगळं नवं कोरं, पॉलिश चमकणारं. रस्किन या कलासमीक्षकानं १८५४ साली टाइम्सला पत्र लिहून नेमकं या नवेपणावर बोट ठेवलं होतं. संसार असलेल्या घरातल्या खुर्च्या अशा दिसत नाहीत हे त्याला दिसलं. हे मला फार पटतं. कुठल्याही नांदत्या घरात निदान एक स्टूल डुगडुगतं असतंच.

या चित्रात बागही आहे, पण ती बाईच्या मागे आरशात आहे. म्हणजे ती खरी आपल्या बाजूला, उघड्या खिडकीबाहेर आहे, आणि बाई बघते आहे ती तिकडे. हंटनं ही खोली कल्पनेनं रंगवली नाही. त्यानं सेंट जॉन्स वुड या भागात अशाच कामासाठी वापरलं जाणारं एक घर भाड्यानं घेतलं. चित्र मँचेस्टरच्या टॉमस फेअरबेर्न या कारखानदाराच्या घरी गेलं. काही दिवसांनी त्यानं हंटला कळवलं की चेहरा बदलून द्या. मुळातला चेहरा इतका कळवळलेला होता म्हणे, की रोज घरात डोळ्यांसमोर तो त्याला सोसेना. हंटनं चेहरा नव्यानं रंगवला. आज भिंतीवर आहे तो हा दुसरा, निवलेला चेहरा. पैसे दिले त्याला सोसेल असा.

मला तिथेच आजीचं "झाकूनच टाकलंय" आठवलं.

जवळच ऑगस्टस एगची तीन चित्रं आहेत, १८५८ सालची, आता 'पास्ट अँड प्रेझेंट' या नावानं ओळखली जाणारी. पहिल्यात दिवाणखाना. नवरा खुर्चीत, हातात चुरगळलेलं पत्र. बायको त्याच्या पायाशी जमिनीवर पालथी, हात पुढे फेकलेले, मनगटात बेड्यांसारखी दिसणारी कांकणं. सफरचंदाचे दोन तुकडे, एक टेबलावर, एक जमिनीवर. बाजूला दोन मुली पत्त्यांचा बंगला करताहेत आणि तो ढासळतो आहे. यातलं काहीही मराठी माणसाला उलगडून सांगायला नको. पुढच्या दोन चित्रांत वर्षं लोटलीत. एकात माळ्यावरच्या खोलीत त्या दोघी, आता मोठ्या झालेल्या. दुसऱ्यात नदीकाठच्या कमानीखाली त्यांची आई, शालीखाली तान्हं मूल, त्याची नुसती पावलं दिसतात. दोन्हीकडे आकाशात तोच चंद्र.

लोक पत्त्यांच्या बंगल्याविषयी बोलतात, मी पत्राकडे बघत होते. त्यानंतर पाचच वर्षांनी जॉर्ज एल्गर हिक्सनं आदर्श बायकोचं चित्र काढलं, पुरुषाची सोबतीण म्हणून. त्यातही शेकोटीशी उभ्या नवऱ्याच्या हातात पत्र आहे, काळ्या कडेचं, कुणी तरी गेल्याचं. बायको त्याला बिलगून धीर देते आहे, न्याहारीचं टेबल मागे नेटकं मांडलेलं. एक बाई पायाशी पडलेली, एक दंडाला धरून उभी. पत्र दोन्हीकडे नवऱ्याच्याच हातात. बाहेरचं जग टपालानं घरात येतं, तो ते उघडतो आणि मग घरात काय होणार हे ठरतं.

कायदाही तसाच होता. एगच्या चित्राच्या आदल्याच वर्षी, १८५७ साली, इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा कायदा आला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार चालत नसे, त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा सोडून जाणं असं आणखी काही दाखवावं लागे. लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं धन सर्वार्थानं तिचं व्हायला १८८२ उजाडावं लागलं. आणि एक गोष्ट आपल्या अगदी जवळची. नांदायला नकार दिला म्हणून तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडनं १८८४ साली काढून टाकली. मुंबईत १८८७ साली रखमाबाईंना कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. मूळ दावा इंग्रजांच्याच कायद्यातून इकडे आलेला. घरी मोडीत काढलेलं भांडं लेकीच्या सासरी वापरायला पाठवावं तसला प्रकार. रखमाबाई कैदेला तयार होत्या. पुढे दोन हजार रुपयांवर प्रकरण मिटलं आणि त्या डॉक्टर व्हायला गेल्या त्या नेमक्या लंडनला.

सेंट जॉन्स वुडमध्येच जेम्स टिसोचं घर होतं. हा फ्रेंच माणूस १८७१ साली पॅरिसमधली धामधूम सोडून लंडनला आला आणि चांगला कमावता झाला. त्यानं बागेत एक तळं केलं, तळ्याभोवती पॅरिसच्या एका बागेतल्यासारखी खांबांची अर्धगोल ओळ उभारली आणि मग तीच बाग पुनःपुन्हा रंगवली. टेटमधल्या 'हॉलिडे' या चित्रात पिवळ्या पडलेल्या चेस्टनटच्या पानांखाली मंडळी जमिनीवर पांढरं कापड अंथरून चहाला बसली आहेत. केटली, केक, मुरंब्याची बरणी. पुरुषांच्या डोक्यावर एका क्रिकेट क्लबच्या पट्ट्यापट्ट्यांच्या टोप्या. ऑस्कर वाइल्डनं १८७७ च्या प्रदर्शनात हे पाहून सोडावॉटरच्या बाटल्यांच्या हुबेहूबपणाला नाक मुरडलं होतं. मला त्या बाटल्या आवडल्या. ते कापड मात्र गवतावर अंथरलेलं पाहून जीव कासावीस झाला. त्या हिरव्या डागांना काय लावायचे हे लोक?

टिसोच्या पुढच्या कितीतरी चित्रांतली बाई एकच आहे, कॅथलीन न्यूटन. तिची हकीगत हिंदुस्थानातून जाते. वडील इकडे कंपनी सरकारच्या नोकरीत. सतराव्या वर्षी तिला बोटीनं हिंदुस्थानात पाठवलं, न्यूटन नावाच्या सर्जनशी लग्न करायला. प्रवासात एका कॅप्टननं तिला नादी लावलं. लग्न झाल्यावर तिनं ते आपण होऊन नवऱ्याला सांगितलं. नवऱ्यानं घटस्फोट घेतला. ती पोटात मूल घेऊन इंग्लंडला परत आली आणि काही वर्षांनी टिसोच्या घरी राहू लागली. दोघंही कॅथलिक आणि ती घटस्फोटित, त्यामुळे लग्न होणं नव्हतं. म्हणजे एगच्या चित्रातल्या बाईची जी गत झाली ती हिचीही व्हायची. पण हिला कमानीखाली रात्र काढावी लागली नाही. हिच्या वाट्याला बाग आली.

ती बागेतल्या बाकावर मुलांबरोबर बसलेली असते, वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन पडलेली असते, वाचत असते. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत 'हाइड अँड सीक' आहे. ते मी छापलेलंच पाहिलंय. खोलीभर मुलं लपाछपी खेळताहेत आणि ही कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसलेली. मुलं कुठे लपलीत ते हिला पक्कं ठाऊक असणार. हळूहळू ती चित्रांत जास्त शालींत आणि दुलयांत दिसायला लागते, कारण तिला क्षय झाला होता. १८८२ च्या नोव्हेंबरात ती गेली, अठ्ठावीस वर्षांची. त्यानंतर काही दिवसांतच टिसो घर तसंच टाकून पॅरिसला निघून गेला. बाकावरचं ते चित्र त्यानं विकलं नाही, शेवटपर्यंत जवळ ठेवलं.

एवढा वेळ पुरुषांचीच चित्रं सांगतेय. बायका रंगवत नव्हत्या असं नाही. १८६० साली लॉरा हर्फर्ड नावाच्या बाईनं रॉयल अकादमीच्या शाळेत प्रवेशासाठी आपली रेखाटनं पाठवली आणि सही करताना नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं लिहिली. पुरुष समजून निवड झाली. बाई निघाल्यावर नियम चाळले, तर बायकांना घेऊ नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं! लिहायची गरजच कुणाला पडली नव्हती. घेतलं तिला. पण समोर उघडं मॉडेल ठेवून शरीर शिकायच्या वर्गाचं दार १८९३ पर्यंत बायकांना बंद होतं, तेव्हाही उघडलं ते मॉडेलला वस्त्र नेसवून. मोठ्या मानाची चित्रं म्हणजे युद्धं, पुराणकथा, शहीद, आणि त्यांना लागतात स्नायू. मग उरतं काय? दिवाणखाना, जिना, मुलं, कुंड्या. टेम्सकाठच्या वॉलिंगफर्डला हेलर नावाच्या चित्रकाराच्या चार मुली होत्या, चौघीही रंगवणाऱ्या, आणि चौघींना मिळून विषय पुरवायला त्यांचं एक घर होतं. एडिथचं 'अ समर शॉवर' पाहा. टेनिस चाललंय, सर आलीय, मंडळी आत पळून आलीत, कुणी रॅकेट धरून, कुणी सरबत ओतून घेतंय. इतकं सहज चित्र जमणाऱ्या या मुलीनं लग्नानंतर ब्रश खाली ठेवला.

लॉरा हर्फर्डची भाची हेलन पॅटरसन. लग्नानंतर हेलन ॲलिंगहॅम. हिच्यामुळे आमची टेबलक्लॉथवरची बाई मला शेवटी सापडली.

हेलनची चित्रं बिस्किटांच्या डब्यांवर, कॅलेंडरांवर, जिगसॉवर तुम्ही पाहिली असतील, निदान तिच्या नकला तरी. गवताच्या छपराचं, तिरप्या चौकटींच्या खिडक्यांचं बुटकं घर, पुढे फुलांनी मातलेली बाग, फाटकाशी एप्रन बांधलेली बाई, कडेवर मूल. लंडनमध्ये हॅम्पस्टेडला बर्ग हाउसकडे तिच्या जलरंगांचा मोठा संग्रह आहे. तिथे गेले तेव्हा पहिलं आश्चर्य म्हणजे चित्रांचा आकार. कितीतरी चित्रं वहीच्या पानाएवढीच. नाक काचेला लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं तर गुलखैऱ्याच्या पाकळीवरचा उजेड पांढऱ्या रंगानं आलेला नव्हता. रंग ओला असताना टिपून, वाळल्यावर पात्यानं खरवडून खालचा कागद वर काढला होता. आजी म्हणाली असती, उसवून केलंय.

तिला नावं ठेवायची पद्धत आहे. गोडमिट्ट, डब्यावरची चित्रं. मलाही आधी तसंच वाटायचं. १८८१ पासून ती सरे परगण्यात विट्लीजवळ राहत होती. शेतीला मंदी आलेली, गावातली माणसं शहराकडे चाललेली आणि रेल्वेमुळे लंडनकर घरं घ्यायला येताहेत. जुनी घरं पाडली जात होती, नाहीतर डागडुजीच्या नावाखाली त्यांची छपरं, खिडक्या बदलल्या जात होत्या. हेलन भराभर, त्या घरांसमोर बसून, ती टिपत सुटली. १८८६ साली लंडनमध्ये सरेच्या घरांचं प्रदर्शनच मांडलं. घरमालकानं जाळीच्या तावदानांऐवजी नवीन काचा बसवल्या असतील तर ही चित्रात जुनी खिडकी परत बसवायची. कौलं काढून गवत घालायची. म्हणजे हे जसंच्या तसं नाही, खोटंच म्हणा. आत ओल किती, खाणारी तोंडं किती, ते तिच्या रंगात येत नाही.

१८८९ साली नवरा गेला. कवी होता, तिच्याहून पुष्कळ मोठा. पदरी तीन मुलं. पुढच्याच वर्षी रॉयल वॉटरकलर सोसायटीनं तिला पूर्ण सभासद करून घेतलं, हा मान मिळालेली ती पहिली बाई. आणि मग ती रंगवत राहिली, १९२६ साली जाईपर्यंत. हेलन रंगवायची ती निवांत दारं, आणि तिचं स्वतःचं घर चालायचं ते ही दारं विकून. टेटमध्ये एमिली मेरी ऑस्बर्नचं १८५७ चं एक चित्र आहे. पावसात भिजून आलेली अनाथ चित्रकार मुलगी दुकानात चित्र विकायला उभी, विक्रेता हनुवटी धरून चित्राकडे बघतोय आणि बाकीचे गिऱ्हाईक पुरुष तिच्याकडे. मुलगी खाली बघत दोरीचा तुकडा बोटांभोवती गुंडाळते आहे. हेलन त्या दुकानात जाऊन शेवटी पैसे घेऊन बाहेर आलेली बाई आहे असं मला वाटतं. गिऱ्हाइकाला काय सोसतं हे तिला बरोबर कळलं होतं. तिच्या बायका छोट्या असतात, दूर असतात आणि पुष्कळदा डोक्याला बॉनेट बांधून खाली बघत असतात.

पण एक गोष्ट तिनं झाकली नाही. तिच्या बायका रिकाम्या नसतात. बादली असते, टोपली असते, कडेवर मूल असतं. कुंपणावर, दोरीवर धुणं असतं. टिसोच्या बागेत धुणं मला कुठे दिसलं नाही. त्याला भरपूर नोकर असणार.

निघताना असलंच एक धुण्याचं चित्र पोस्टकार्डावर घेतलं आणि पुण्याला आल्यावर आईला दिलं. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. आजीचा तो टेबलक्लॉथ हल्ली तिच्या मिक्सरवर असतो, झारीचा निळा धागा विटून करडा झालाय. आईनं चष्मा लावला, पोस्टकार्ड खिडकीशी नेलं. फुलांकडे बघितलंही नाही. बोटानं दोरीवरचे कपडे मोजायला लागली.

"तीन लहान मुलं आहेत. एक अंगावरचं असावं. पुरुषाचा सदरा एकच दिसतोय, म्हणजे दुसरा अंगात असेल," ती म्हणाली. "आड कुठे आहे हिचा?"

"चित्रात नाही दाखवला."

"लांब असेल." मग कार्ड जरा तिरकं धरून तिनं आभाळाकडे पाहिलं. "आणि भरून आलंय की गं. आत घे म्हणावं आधी."